वाचून झालं, आता?

पुस्तकाचा पुठ्ठा ओढून काढताना जो आवाज होतो, तो मी गिरगावातल्या एका रद्दीच्या दुकानात पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला. कोरडा, थोडा लांबत जाणारा आणि शेवटी 'टक्' करून सुटणारा. मामा गेल्यानंतर मामीने खोली आवरायला काढली होती, आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या दोन पिशव्या घेऊन मी तिथे गेले होते. दुकान म्हणजे जिन्याखालची अंधारी जागा. आत एक मुलगा उकिडवा बसून पुस्तकं सोलत होता. डाव्या हाताने पानांचा गठ्ठा दाबून धरायचा, उजव्या हाताने वरचं कव्हर मागे दुमडून खाली ओढायचं, मग पुस्तक उलटं करून खालचं. पुठ्ठे एका ढिगात, पानं दुसऱ्या. पुठ्ठ्याचा भाव वेगळा आणि छापील कागदाचा वेगळा, म्हणून ही फारकत. कण्यावरची वाळलेली खळ पिवळसर भुग्यासारखी त्याच्या पँटवर पडत होती. त्याच्या कामात कुठे धसमुसळेपणा नव्हता, हात अगदी सराईत होता. वर पडलेल्या एका उघड्या पानावर निळ्या शाईत कुणाचं तरी नाव होतं आणि नावाखाली बारीक अक्षरात 'दादर' लिहिलेलं होतं. कोणीतरी हे पुस्तक हौसेने विकत घेतलं होतं, घरी येऊन पेन उघडून त्यावर नाव घातलं होतं. काट्यावर माझ्या पिशव्यांचं वजन झालं, पैसे मिळाले, मी चाळीचा जिना चढून वर आले. पण तो 'टक्' काही कानातून जाईना. कारण वर खोलीत मामाची पुस्तकं अजून जागच्या जागी होती, आणि मामी म्हणत होती, "अगं, हे सगळं आता कोण वाचणार?"

मामा पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होता. पगार झाला की संध्याकाळी फोर्टातून चालत फाउंटनला यायचा आणि फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांपाशी तास-दीड तास काढायचा. हुतात्मा चौकापासून चर्चगेटकडे जाताना फुटपाथवर पुस्तकांच्या भिंती उभ्या असायच्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. २००५ मध्ये महापालिकेने तिथले बरेचसे पुस्तकवाले उठवले, आता उरलेत ते थोडे. मामा प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने जागा आणि किंमत लिहायचा: 'फाउंटन, सव्वा रुपया', 'माटुंगा, किंग्ज सर्कल, तीन रुपये, घासाघीस करून'. दहा बाय बाराच्या खोलीत माणसं पाच आणि पुस्तकं दाराच्या वरच्या फळीवर, खाटेखाली, माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत. प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर. आम्ही भाचरं सुट्टीत गेलो की तिथे बसून वाचायला पूर्ण मुभा, पण घरी न्यायला एकही पुस्तक मिळायचं नाही. मागितलं की तो ते जुनं सुभाषित म्हणायचा, पुस्तक, वनिता, वित्त, दुसऱ्याच्या हाती गेलं की गेलं. त्या ओळीत बाईला पैशाच्या रांगेत बसवलंय हे मला शाळेत असतानाही खटकायचं. पुस्तकाबद्दल तो म्हणतो ते मात्र तेव्हा पटायचं, कारण त्याची पुस्तकं खरंच नव्यासारखी राहिली होती. त्याच सुभाषितात पुढे म्हटलंय की परत आलंच तर पुस्तक जीर्ण होऊन येतं. आज मला त्यात वाईट काही दिसत नाही. जीर्ण झालं म्हणजे कुणीतरी ते उशीखाली घेऊन झोपलं, कुणीतरी जेवताना उघडं ठेवलं.

मामेभाऊ पुण्याला, त्याचा फ्लॅट दोन खोल्यांचा. तो म्हणाला, "ताई, तूच बघ काय करायचं ते." मग मी वाचनालयांना फोन लावायला सुरुवात केली. मला वाटलं होतं, एवढी चांगली, कव्हर घातलेली मराठी पुस्तकं म्हटल्यावर लोक टेम्पो घेऊन येतील. एका वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंनी फार शांतपणे माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "यादी पाठवा, यादी बघितल्याशिवाय पुस्तकं आणू नका." यादी पाठवली, तर त्यातली मोजकीच त्यांनी मागितली. बाकीची त्यांच्याकडे आधीच होती, काहींच्या तर तीन-तीन प्रती. मी प्रत्यक्ष भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला टेबलावरची दाखल नोंदवही दाखवली. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक द्यायचा, ठरलेल्या पानांवर शिक्के मारायचे, वर्गीकरणाचा क्रमांक काढायचा, कण्यावर चिठ्ठी चिकटवायची, संगणकात नोंद करायची, पुठ्ठा सैल असेल तर बांधणीला पाठवायचं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग पडतात, त्यावर सरकारी अनुदान ठरतं, आणि त्या तुटपुंज्या अनुदानात पगार, वीज, भाडं, नवी पुस्तकं सगळं बसवायचं. शिवाय एकदा दाखल झालेलं पुस्तक सहज काढून टाकता येत नाही. त्याचं रीतसर निर्लेखन करावं लागतं, यादी करून, मंजुरी घेऊन. "दान आलेलं पुस्तक आम्हाला फुकट पडत नाही हो," त्या म्हणाल्या, "आणि लोक आम्हाला काय देतात माहितीये? जे रद्दीत घालवत नाही ते." त्यांच्या मागे कोपऱ्यात सुतळीने बांधलेले गठ्ठे होते. आदल्या संध्याकाळी कुणीतरी दारात ठेवून गेलं होतं, नाव न सांगता. वरच्या गठ्ठ्यात दहावीची गाईडं आणि वाळवीने मधोमध बोगदा पाडलेला एक ग्रंथ.

त्या बाईंबद्दल मला मनापासून आदर वाटला. ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. मराठी पुस्तकं एका जागी गोळा व्हावीत म्हणून माणसं एकत्र आली, तेव्हा पुस्तकं दुर्मीळ होती आणि एकेक प्रत मोलाची होती. आता छापील प्रतींचा तुटवडा नाही, तुटवडा जागेचा आहे, मनुष्यबळाचा आहे, आणि दुपारी चार वाजता वाचनालयाचा जिना चढणाऱ्या माणसांचा आहे. अशा वेळी आपलं जड झालेलं ओझं त्यांच्या दारात ठेवून 'ग्रंथदान केलं' असं समाधान मानणं मला योग्य वाटत नाही. त्याला फार तर घर आवरणं म्हणावं.

मग ठेवून द्यावीत का सगळी? मुंबईत ठेवणं म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येक वाचणाऱ्या घराला माहीत आहे. जून लागला की कपाटाचं दार फुगतं, आत ओलसर वास सुटतो, खाकी कव्हरांवर पांढरे ठिपके उमटतात. कसर खळ खाते, बांधणीची कड पोखरते. डांबराच्या गोळ्या ठेवा, कडुनिंबाचा पाला ठेवा, उन्हं दाखवा, तरी चालूच. आपल्या बहुतेक जुन्या पुस्तकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन आणि आम्ल स्वतःच कागदाला आतून पिवळा आणि ठिसूळ करत जातं. उघडलं की कोपरा बोटात येतो. मामाने इतकी काळजी घेऊनही ट्रंकेतल्या तळाच्या पुस्तकांची पानं बिस्किटासारखी मोडत होती.

आणि २६ जुलै. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी कलिन्यात माझ्या मैत्रिणीच्या तळमजल्यावरच्या घरात कमरेइतकं पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर मी मदतीला गेले. भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या दोन फळ्या पुस्तकांनी गच्च भरलेल्या होत्या, आणि ती पुस्तकं पाणी पिऊन इतकी फुगली होती की एकही बाहेर येईना. बोट घालायला फट नाही. तिच्या वडिलांनी सुताराला बोलावून कपाटाची उभी फळी कापायला लावली, तेव्हा सगळा थर एकदम फरशीवर कोसळला. आठवडाभर कलिन्याच्या गल्ल्यांत गाद्या, सोफे, फ्रिज आणि पुस्तकं एकाच ढिगात पडलेली होती. तिचे वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक. ते म्हणाले, "विद्यार्थ्यांना देऊन टाकली असती तर आज कुठेतरी कोरडी असती." त्यांच्या त्या वाक्याने माझ्यात काहीतरी बदललं, असं आता मागे वळून बघताना वाटतं.

दादरला हिंदू कॉलनीतून जाताना मी 'राजगृहा'समोर थांबते, नेहमीच. पुस्तकांसाठी म्हणून बांधलेलं घर या शहरात तरी मला दुसरं माहीत नाही. बाबासाहेब १९१७ मध्ये लंडनहून परतले तेव्हा त्यांचं सामान वेगळ्या बोटीने येत होतं. ती बोट युद्धात बुडवली गेली आणि पुस्तकं समुद्रात गेली. इतकी सोसून जमवलेली पुस्तकं एकदा अशी गमावलेल्या माणसाने पुढे पुन्हा जमवली, त्यांच्यासाठी घर उभारलं. आणि त्या संग्रहातली बरीच पुस्तकं पुढे सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. १९४६ मध्ये सुरू झालेलं हे महाविद्यालय. दिवसा नोकरी करून शिकणाऱ्या मुलांचा विचार करून वर्ग सकाळी लवकर भरवले गेले. नोकरीवर जाण्याआधी धावत येणाऱ्या त्या मुलांपाशी ही पुस्तकं पोहोचावीत, हे मला फार मोठं वाटतं. आयुष्यभर ज्याने पुस्तकांवर जीव लावला, त्याच्या पुस्तकांना योग्य घर मिळालं ते शिकायला आसुसलेल्या माणसांच्या शेजारी.

रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक, मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला सांगतो की पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, दुसरा सांगतो की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं. तिसरा नियम मला जास्त अस्वस्थ करतो: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. म्हणजे आपल्या कपाटात गप्प बसलेल्या या पुस्तकाचा कुणीतरी एक वाचक आत्ता, या घडीला, विरारला किंवा मानखुर्दला किंवा सावंतवाडीला बसलेला आहे, आणि त्या दोघांची गाठ घालून देण्याचं काम अडलंय ते आपल्यापाशी. ग्रंथपालाचं हे काम आहे हे खरं. पण पुस्तक वाचून संपवलेल्या माणसाइतकं त्या पुस्तकाबद्दल दुसऱ्या कुणाला माहीत असतं?

इथे माझं मत अगदी पक्कं झालंय. पुस्तक द्यायचं असेल तर वाचून झाल्या झाल्या द्यावं.

शेवटचं पान मिटल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस आपण त्या पुस्तकाने भारलेले असतो. त्यातला कुठला प्रसंग कुणाला लागू पडेल, कुणाला हे आवडणार नाही, कुणी आत्ता हे वाचायलाच हवं, हे तेव्हा नेमकं सुचतं. "हे घे, साठाव्या पानापर्यंत धीर धर, मग सुटणार नाही," असं सांगून दिलेलं पुस्तक वाचलं जातं. तेच पुस्तक तीस वर्षं कपाटात राहिलं की त्याचा कागद ठिसूळ होतो, टाइप बारीक वाटायला लागतो, नवी आवृत्ती निघालेली असते, आणि मुख्य म्हणजे त्याच्याबद्दल बोलणारा माणूसच उरत नाही. वारसाच्या हातात येतो तो नुसता गठ्ठा. मामाच्या खोलीत मी पुस्तक हातात घेतलं की मला त्याची किंमत कळायची, ते कुठे घेतलं ते कळायचं, पण त्याला ते का आवडलं होतं हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. त्याने एकदा जरी "हे तू वाच" म्हणून हातात दिलं असतं, तर ते पुस्तक मी आयुष्यभर त्याच्या नावाने वाचलं असतं.

तरी त्या खोलीत आम्ही एकेक पुस्तक उचलून त्याचा माणूस शोधायचं ठरवलं. फाउंटनचा एक ओळखीचा पुस्तकवाला येऊन इंग्रजी कादंबऱ्या आणि जुने शब्दकोश घेऊन गेला. मराठीला फुटपाथवर गिऱ्हाईक कमी, तो म्हणाला, आणि ते त्याला लागलेलं त्याच्या आवाजात कळत होतं. रद्दीवाल्यांकडे आलेल्या ढिगातून असे पुस्तकवालेच जाऊन चांगली पुस्तकं वेचून आणतात. मुंबईतल्या किती जणांचं वाचन त्यांच्या त्या पारखी नजरेवर पोसलंय, याची नोंद कुठेच नाही. चाळीतला खालच्या मजल्यावरचा मुलगा एमपीएससीचा अभ्यास करतो. इतिहासाची आणि चरित्रांची पुस्तकं तो दोन हातांत मावतील तेवढी घेऊन गेला आणि अर्ध्या तासाने आणखी आहेत का विचारायला परत आला. सावंतवाडीला माझ्या आत्याच्या शाळेसाठी गोष्टींची पुस्तकं पोस्टाने पाठवली. टपाल खात्याची स्वस्त 'बुक पोस्ट'ची जुनी सोय बंद झाल्यावर मला फार वाईट वाटलं होतं, पण १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालंय. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांत आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपयांत, वर कर, पुस्तकं गावोगाव जातात. जमिनीवरच्या वाहतुकीने जातात, म्हणून वेळ लागतो. लागू दे.

आणि मामी. "कोण वाचणार" म्हणणाऱ्या मामीला मी प्रवासवर्णनांचा गठ्ठा बांधताना बघितलं, ती वरचं पुस्तक काढून चष्मा शोधत होती. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, त्या पुस्तकांवरची धूळ तिनेच झटकली, कव्हरंही बहुतेक तिनेच घातली, आणि वाचायला निवांत वेळ मात्र आता मिळाला. हिमालयावरचं ते पुस्तक तिने तीन दुपारींत संपवलं. मला आनंद झाला आणि पोटात तुटलंही. पुस्तकाचा वाचक इतकी वर्षं त्याच खोलीत, स्टोव्हपाशी बसलेला होता. मामाला हे कधी दिसलं नाही की दिसूनही राहून गेलं, हे आता विचारणार कुणाला. मी विचारलं, "मामी, हे तुला ठेवू का?" तर म्हणाली, "नको, शेजारच्या काकूंना देते. त्यांना केदारनाथला जायचं होतं, गुडघ्यांमुळे राहिलं."

सगळंच देऊन टाकावं असं मला म्हणायचं नाही. माझ्याकडे एक फळी आहे, तिला कोणी हात लावायचा नाही. कविता त्यावर, कारण कविता कधी वाचून होतच नाहीत. आईच्या हातच्या खुणा असलेली ज्ञानेश्वरी त्यावर, दोन शब्दकोश, आणि लहानपणीचं एक पान नसलेलं गोष्टींचं पुस्तक, ज्यातलं ते हरवलेलं पान मी मनानेच रचलेलं आहे. फळी भरली की नवं ठेवण्यासाठी जुनं एक काढायचं, एवढाच नेम. काढताना दर वेळी जीवावर येतं. एखादं पुस्तक दारापर्यंत जाऊन परत फळीवर आलंय, आणि मला त्याचं काही वावगं वाटत नाही. पुन्हा उघडलं जाणारं पुस्तक अजून वाचून झालेलं नसतंच.

बाकीची मी आता हातोहात देते, बहुतेक लोकलमध्ये. बोरिवली-चर्चगेटच्या आमच्या लेडीज डब्यात सुरुवातीला दोघीच होतो. आता दाराजवळच्या बाकड्यांवरच्या बऱ्याच जणी पुस्तकं फिरवतात. नियम कोणी केले नाहीत, पण पडत गेले. देताना दोन वाक्यं सांगायची, परत मागायचं नाही, आणि हवं तर पेन्सिलीने समासात लिहायचं. अंधेरीला चढणारी एक नर्स आहे, रात्रपाळी करून घरी जाताना आमच्याच डब्यात भेटते. तिच्याकडून आलेल्या पुस्तकात पहाटेच्या वेळा लिहिलेल्या असतात, 'पेशंट झोपले, ३.४०'. दुसरी एक बँकेतली, ती प्रत्येक पात्राच्या पगाराचा हिशेब मांडते आणि लेखकाने घरभाडं कमी धरलंय म्हणून संतापते. गेल्या महिन्यात मी दिलेली कादंबरी चार हातांतून फिरून परवा दादरला माझ्याच मांडीवर आली. शेवटाबद्दल तिच्यात तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीन वेगवेगळी मतं होती. नायिकेने घर सोडलं ते बरोबर की चूक यावर कांदिवलीपासून सुरू झालेली चर्चा मरीन लाइन्सपर्यंत मिटली नाही. उतरताना नर्सबाई म्हणाल्या, "उद्या बोलू, आणि ते पुस्तक आता त्या नवीन मुलीला दे, खिडकीतल्या. ती रोज आपलं ऐकत असते."